सातबारा, फेरफार आणि विकी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संक्षिप्त केलं आहे.)



जेवणं झालीत, पंखे दोनच आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक' असा शब्द छापलाय. म्हणजे झोपेची तयारी पूर्ण आहे. म्हणून मी संगणकापासून सुरुवातच करत नाही. तलाठी कार्यालयापासून करतो.

इथे बसलेल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी सातबारा काढलाय. पीककर्जासाठी, वाटणीसाठी, नाहीतर समृद्धी महामार्गात जमीन गेली तेव्हा. समृद्धीने आपल्या शहापूर तालुक्यात आणखी काय केलं त्यावर मतभेद असतील, पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला सातबारा नीट वाचला नव्हता त्यांना तिने तो वाचायला लावला. जुना हाताने लिहिलेला सातबारा आठवा. पणजोबांचं नाव आहे, पण भोवती कंस आहे. त्याखाली आजोबांचं नाव, त्यालाही कंस. मग वडील आणि काका. प्रत्येक नावाशेजारी छोट्या वर्तुळात एक आकडा. तो आकडा फेरफाराचा.

तलाठी भाऊसाहेब, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव खोडत नाहीत. कंस करतात. नाव वाचता येतं, पण आता ते लागू नाही एवढं कळतं. आणि कंस का केला, कधी केला, कुणी अर्ज दिला होता हे बघायचं तर वर्तुळातला आकडा घेऊन दुसऱ्या वहीकडे जायचं. ती वही म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, कुळाला ३२ ग खाली जमीन मिळाली, बँकेचा बोजा चढला, बोजा उतरला, प्रत्येकाची एक नोंद आणि प्रत्येक नोंदीला पुढचा क्रमांक. मधला क्रमांक गाळता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत जमीन आली ती १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनामुळे, आणि त्याचा घरातला एकमेव पुरावा म्हणजे तो वर्तुळातला आकडा.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. फेरफार लिहिला की तो लगेच सातबाऱ्यावर जात नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १५० मध्ये पद्धत दिली आहे. नोंदीची प्रत चावडीवर लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली तर ती वेगळ्या वहीत, सहा-अ मध्ये. मग मंडळ अधिकारी बघतात, नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. आणि रद्द झालेली नोंदसुद्धा वहीत राहते, 'रद्द' असा शेरा घेऊन.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्या धंद्यात या सगळ्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आम्ही मराठीत आवृत्ती-नियंत्रण वगैरे म्हणू शकतो, पण खरा मराठी शब्द आधीपासून आहे: फेरफार. संगणकवाल्यांना ही कल्पना १९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुचली. मुंबई इलाख्यातला हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. तेव्हा या बाबतीत आपले भाऊसाहेब पुढे होते.

आता हे सगळं मी शाळेच्या मेळाव्यात का सांगतोय?

या स्मरणिकेसाठी गेल्या वर्षी शाळेचा इतिहास लिहायचं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वर्ड फाईल आली. 'शाळेचा इतिहास फायनल'. मग 'फायनल नवीन'. मग 'फायनल नवीन सुधारित'. मग कुणीतरी मोबाईलवर उघडून पुन्हा सेव्ह केली आणि सगळ्या वेलांट्या पुढच्या अक्षरावर गेल्या. माझ्याकडे आजच्या तारखेला अशा अकरा फाईली आहेत. एकीत पहिला वर्ग मारुतीच्या देवळात भरला आहे, दुसरीत एका घराच्या पडवीत. पहिल्या इमारतीला देणगी देणाऱ्यांची एका फाईलमध्ये सात नावं आहेत आणि नंतरच्या एका फाईलमध्ये पाच.

दोन नावं गेली. कुणी मुद्दाम काढली असं मी म्हणत नाही. पान उतरवताना ओळ सुटली असेल. किंवा कुणाला पक्की माहिती असेल की त्यांनी पैसे कबूल केले, दिले नाहीत. किंवा सात नावंच चूक असतील आणि पाच बरोबर. मुद्दा असा की आज ते सांगता येत नाही. कुणी काढली, कधी काढली, कशावरून काढली, काहीच सांगता येत नाही. आणि त्या दोन घरांतली नातवंडं आत्ता या मंडपात बसली आहेत. छापील स्मरणिकेत एकदा पाच नावं आली की पुढची पन्नास वर्षं पाचच.

सातबाऱ्यावर असं झालं असतं तर आपण सरळ विचारलं असतं, फेरफार दाखवा.

म्हणून आम्ही काही जण शाळेचा इतिहास विकीवर ठेवतोय, आणि विकीही साधी नाही, फेरफाराची वही असलेली.

विकी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण 'विकिपीडिया' सगळ्यांना माहीत आहे. जे पान वाचता तेच पान तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं, एवढीच कल्पना. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती २५ मार्च १९९५ ला सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती, हवाई भाषेत विकी म्हणजे पटकन, तिथून नाव घेतलं. त्या पहिल्या विकीत जुन्या मजकुराचा सगळा इतिहास सांभाळायची सोय नव्हती. पाटीवर लिहा, पुसा, लिहा. विकिपीडिया २००१ ची, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ची. त्यात प्रत्येक पानाचा इतिहास दिसतो, कुणी काय बदललं ते दिसतं. मग मराठी विकिपीडियावरच का लिहू नये? मला हा प्रश्न चार जणांनी विचारला.

लिहावं, जरूर लिहावं. माहुलीवर लिहा. १६३६ साली शहाजीराजे जिथे वेढ्यात अडकले तो गड आपल्या आसनगावच्या स्टेशनातून दिसतो. सिद्धगडावर लिहा, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला जिथे पडले. तानसा, भातसा यांच्यावर लिहा, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात एप्रिल-मे मध्ये टँकर का लागतो तेही लिहा. पण विकिपीडियाचा नियम आहे की विश्वासार्ह प्रकाशित संदर्भ हवा. पहिला वर्ग कुणाच्या पडवीत भरला याला संदर्भ काय देणार? एक म्हातारी आजी सांगते हाच संदर्भ. विकिपीडिया ती गोष्ट घेणार नाही, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आपल्याला मात्र तीच गोष्ट हवी आहे. तेव्हा आपली वेगळी विकी हवी.

अशा विकी बऱ्याच आहेत. १९९८ च्या 'टीविकी'नेच पानांचा इतिहास ठेवायला एक जुनी व्हर्जन कंट्रोल पद्धत वापरली होती. पुढे २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्‌सने 'गिट' लिहिलं, जे आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर वापरतात. त्याच्यावर चालणाऱ्या विकी आल्या. जोई हेसची 'इकीविकी' २००६ ची, ती आधी दुसऱ्या पद्धतीवर चालायची, मग गिटवर आली. 'गिटिट' २००८ ची. ती लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. इथल्या मराठी-इतिहासवाल्या सरांनी हे लक्षात घ्यावं, आमच्या धंद्यात तुमच्या लोकांना बंदी नाही.

या विकींत प्रत्येक पान म्हणजे साध्या अक्षरांची एक फाईल. 'पहिली इमारत' हे पान म्हणजे त्या नावाची एक फाईल, 'सहली' म्हणजे दुसरी. आत युनिकोडमधली देवनागरी, बाकी काही नाही. तुम्ही म्हणाल यात काय विशेष? शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका ज्या फॉन्टमध्ये टाईप झाली होती त्याची फाईल सीडीवर आहे. सीडी चालते, फाईल उघडते, आणि आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्या काळी देवनागरीचा प्रत्येक फॉन्ट आपापली वेगळी खूण वापरायचा. फॉन्ट गेला की मजकूर गेला. साध्या युनिकोड फाईलला अमुक एक प्रोग्रॅम लागत नाही. विकीचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी पानं कुठल्याही संगणकावर वाचता येतील.

मग फेरफार. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, 'बदल' वर दाबायचं, मजकूर दुरुस्त करायचा. खाली एक छोटी चौकट असते, बदलाचं कारण. 'साठवा' म्हटलं की मागे गिटच्या वहीत एक नोंद पडते: कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय बदललं आणि कारण काय. कारणाच्या चौकटीत लोक 'दुरुस्ती' असं लिहितात, तसं लिहू नका. फेरफारात कधी 'फेरफार' एवढंच लिहिलेलं पाहिलंय का? 'मावशीकडची १९६० च्या दशकातली पावती पाहून नाव वाढवलं' असं लिहा. वीस वर्षांनी मजकुरापेक्षा ही ओळ जास्त कामाला येईल.

दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवता येतो. गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी. सात नावांची पाच झाली तर दोन लाल ओळी समोर उभ्या राहतात. फक्त एक व्यावहारिक गोष्ट: गिट ओळीनुसार फरक बघतं. तुम्ही पानभर परिच्छेद एका लांब ओळीत लिहिलात आणि त्यात एक काना बदललात, तर ते म्हणेल अख्खी ओळ बदलली. म्हणून एक वाक्य झालं की नवी ओळ. वाचताना तो परिच्छेद सलगच दिसतो, काळजी नको.

चुकीचा बदल झाला तर उलटवता येतो, पण उलटवणं म्हणजे पुसणं असा अर्थ नाही. उलटवल्याची नवी नोंद पडते. चूक, ती कुणी दाखवली, कशी सुधारली, तिन्ही राहतं. आणि पानावरच्या प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटी कुणी लिहिली ते बघता येतं. या सोयीचं गिटमधलं नाव 'ब्लेम' असं आहे, म्हणजे दोष देणं. नाव वाईट आहे. मी शाळेच्या विकीत तिथे 'ही ओळ कुणाची' असं लिहून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट, जी विकिपीडियाच्या पद्धतीत नाही. तिथे इतिहास पानापानाचा असतो. गिटमध्ये तो सगळ्या वहीचा. समजा एका सरांचं आडनाव आपण चौदा पानांवर चुकीचं लिहिलंय. दुरुस्ती केली की चौदा पानं मिळून एकच नोंद. उलटवायची तर एकदम. एका फेरफारात चार गट नंबर असतात तसंच.

आता प्रतींबद्दल. आपल्या मुरबाडच्या वरच्या अंगाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा, राणी नागनिकेचा म्हणतात तो ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात आकडेसुद्धा कोरले आहेत. दगडात कोरला म्हणून टिकला, पण मधली अक्षरं झिजून, तुटून गेलीत आणि ती परत मिळणार नाहीत, कारण प्रत एकच होती. २००५ च्या २६ जुलैला कल्याण-बदलापूरकडे किती घरांतली कागदपत्रं भिजून गेली ते तुमच्यापैकी काहींनी स्वतः पाहिलंय. गिटमध्ये जो कुणी विकीची प्रत उतरवून घेतो त्याच्याकडे आजची पानं येतातच, आणि पहिल्या दिवसापासूनची सगळी फेरफार नोंदवहीही येते. मुख्य संगणक जळाला तर कल्याणच्या प्रतीवरून सगळं तसंच्या तसं उभं करता येतं.

ही प्रत नेटशिवाय चालते. डोळखांबच्या पलीकडे किंवा माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत लॅपटॉप घेऊन गेलात, रेंज शून्य, तरी बसून लिहा, नोंदी टाका. सरळगावला आलात, रेंज आली, की नोंदी मुख्य वहीला जोडा. तेवढ्यात दुसऱ्याने वेगळ्या पानावर लिहिलं असेल तर गिट दोन्ही आपोआप एकत्र करतं. त्याच पानाच्या वेगळ्या ओळीवर लिहिलं असेल तरीही बहुतेक वेळा करतं. पण दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मात्र ते थांबतं. बाण आणि बरोबरच्या चिन्हांच्या ओळी काढून दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवतं आणि सांगतं, हे माणसांनी ठरवा.

मला हे थांबणं फार आवडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जो शेवटी पाठवतो तो जिंकतो. इथे यंत्र कबूल करतं की देऊळ की पडवी हे मला ठरवता येणार नाही. आपल्या पावसाळ्यातल्या भाज्यांचं पान लिहायला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी असं झालं. शेवळांच्या भाजीत घसा खवखवू नये म्हणून काय घालायचं? एकीने लिहिलं काकडं, दुसरीने त्याच ओळीवर लिहिलं चिंचेचा कोळ. गिट थांबलं. दोघींचं फोनवर बोलणं झालं, बरंच झालं असं ऐकतो, आणि शेवटी पानावर दोन्ही पद्धती गावांसकट आल्या. दोघींचीही नावं वहीत आहेत.

जुन्या नोंदीत कुणी गुपचूप हात घातला तर? फेरफार वहीला पान क्रमांक असतात, तरी पान फाडल्याच्या, शाई बदलल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. गिट प्रत्येक नोंदीवरून गणित करून चाळीस अक्षरांची एक खूण काढतं, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. म्हणजे दहावी नोंद नवव्या नोंदीला बांधलेली, नववी आठवीला. पाचव्या नोंदीतला एक अनुस्वार बदललात तर पाचपासून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि बाकीच्यांच्या प्रतींशी ते जुळत नाही. लगेच कळतं.

एवढं कौतुक केलं. आता जे या वहीने होत नाही ते सांगतो.

फेरफार खरा असतोच असं नाही. वारसनोंदीत बहिणींची नावं लागलीच नाहीत, किंवा लागली आणि हक्कसोड करून निघाली, अशा नोंदी आपल्या दोन्ही तालुक्यांत घराघरांत आहेत. रीतसर क्रमांक आहे, नोटीस आहे, मंडळ अधिकाऱ्यांची सही आहे. बहिणीला विचारलं होतं का, ते वही सांगत नाही. पण ती एवढं सांगते की नाव अमुक साली, अमुक नोंदीने गेलं. भांडायला जागा राहते. विकीचंही तेच. खोटं वाक्य पूर्ण इतिहासासकट खोटंच राहतं. आणि गिट मुळात लेखकाचं नाव तपासत नाही, जे टाईप कराल ते मान्य करतं. म्हणून आपण बदल करायला लॉगिन ठेवलंय आणि ते शाळेच्या कार्यालयातून ओळख पटवूनच मिळतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि तिच्यावर आमच्यात खूप वाद झाला. जिथे काहीच पुसलं जात नाही, तिथे चुकून टाकलेलंही पुसलं जात नाही. इतिहासातून एखादी गोष्ट खरोखर काढायची तर पुढच्या सगळ्या खुणा नव्याने कराव्या लागतात आणि प्रत्येक प्रतवाल्याला सांगावं लागतं. ज्याने सांगूनही ऐकलं नाही त्याच्याकडे ती गोष्ट राहतेच.

आता शाळेचं जनरल रजिस्टर घ्या. ही शाळेची फेरफार वही. प्रत्येक मुलाला क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कधी आला, कधी गेला, सोडण्याचं कारण. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे त्यातलं नाव किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकांना मनाने बदलता येत नाही, वरची परवानगी लागते. त्या वहीचं मोल किती आहे ते जात पडताळणीला गेलेल्यांना विचारा. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा चौथीपर्यंत शिकले आणि गुरुजींनी एका ओळीत त्यांची जात लिहिली, त्या एका ओळीवर आज नातीचा मेडिकलचा प्रवेश ठरतो.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून आम्ही जुनी रजिस्टरं चाळली. स्मरणिकेत आपण बॅचप्रमाणे यादी छापतो: दहावी अमुक साल, एवढे विद्यार्थी. रजिस्टरात त्याच बॅचच्या पाचवीत कितीतरी जास्त नावं आहेत. बाकीची कुठे गेली? शेवटच्या रकान्यात लिहिलंय. 'सतत गैरहजर'. 'सतत गैरहजर'. 'पालकांबरोबर परगावी'. दिवाळीनंतरच्या तारखा आहेत. तुम्हाला आठवत असेल, दिवाळी झाली की कातकरवाडीची आणि ठाकूरवाडीची काही मुलं बाकावर दिसायची नाहीत. आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, पाऊस पडायच्या आत परत यायची, आणि मग पुढच्या वर्षी आलीच नाहीत. आपल्याबरोबर खोखो खेळलेली, आपल्याला नदीत पोहायला शिकवलेली मुलं. आजच्या निमंत्रणांच्या यादीत ती नाहीत, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली.

माझं मत असं आहे की माजी विद्यार्थी म्हणजे ज्याचं नाव रजिस्टरात आलं तो. दाखल्यावर कारण काहीही असो. त्यांची नावं विकीवर यायला हवीत. पण कशी? रजिस्टराचे फोटो काढून टाका असं एकाने सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. जात, जन्मतारीख, 'सतत गैरहजर' हे असं जगाला दाखवायचं, आणि तेही जिथून परत काढता येत नाही अशा ठिकाणी? एखाद्या बाईच्या सुनेने, नातवाने ते वाचायचं? रजिस्टर लोखंडी कपाटातच राहील. विकीवर नाव येईल ते त्या माणसाला भेटून, विचारून, आणि जो मजकूर येईल तो त्याने सांगितलेला. 'गैरहजर' हा शाळेचा शब्द झाला. त्याचा शब्द वेगळा असेल.

हे काम सुरू झालंय. आमच्या बॅचमधली जी मैत्रीण आता अंगणवाडी सेविका आहे तिने गेल्या महिन्यात दोन वाड्यांवर जाऊन पाच जणांशी बोलून घेतलं. रेंज नव्हती, नोंदी तिथेच वहीत टाकल्या, किन्हवलीला येऊन जोडल्या. त्यातल्या एकाने एवढंच सांगितलं की शाळेच्या मागची ती जांभळाची रोपटी लावताना खड्डे मी खणले होते. पानावर ती ओळ आहे, आणि तिच्यापुढे त्याचं नाव आहे. झाडं तुम्ही आत्ता जेवताना पाहिलीत, त्यांच्याच सावलीत पंगत होती.

थोडी व्यवस्थेची माहिती देऊन थांबतो. मुख्य प्रत शाळेच्या ग्रंथालयातल्या संगणकावर आहे. दुसरी कल्याणला, तिसरी मुरबाडला, दोघा माजी विद्यार्थ्यांकडे, आणि दर रविवारी त्या एकमेकींशी जुळवून घेतल्या जातात. आणखी कुणाला प्रत हवी असेल तर पेनड्राईव्ह घेऊन या. छायाचित्रं विकीच्या वहीत ठेवत नाही, ती वेगळ्या हार्ड डिस्कवर, कारण फोटो बदलला की गिट जुना आणि नवा दोन्ही जपतं आणि वही फुगत जाते. जन्मतारीख, जात, मोबाईल नंबर, आधारचा आकडा कुठल्याही पानावर लिहायचा नाही. बदल कुणीही सुचवावा, आणि तो मुख्य पानावर जाण्याआधी पंधरा दिवस बाजूला सगळ्यांना दिसेल असा राहील. हे पंधरा दिवस कुठून घेतले ते आता सांगायला नको. मंडळ अधिकाऱ्याचं काम सध्या दोन बाई आणि एक सर करतात, पुढच्या वर्षी दुसरे करतील. नववीच्या सहा मुलांना शिकवलंय, ती आमच्यापेक्षा भराभर करतात, फक्त कारणाच्या चौकटीत 'ओके' असं लिहितात.

आणि ती देणगीदारांची नावं. 'पहिली इमारत' या पानावर सध्या पाच नावं एका बाजूला आणि सात नावं दुसऱ्या बाजूला अशी दोन्ही ठेवली आहेत, मध्ये ती बाणांची ओळ तशीच आहे. दिसायला बरं दिसत नाही, पण मुद्दाम मिटवलेली नाही. छापील स्मरणिकेतही संपादक मंडळाने ती यादी तशीच दोन्ही बाजूंनी छापायचं मान्य केलंय, त्यांचे आभार. कुणाच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत त्या काळची पावती, शाळेचं पत्र, वर्गणीची वही, बांधकामाच्या वेळचा फोटो असेल तर घेऊन या. कागद तुमचाच राहील, आम्ही फक्त स्कॅन करू. ग्रंथालय आज पाच वाजेपर्यंत उघडं आहे आणि बाई तिथे बसल्या आहेत.